बिनअंड्याची जुळी

एर्मेते गांदोल्फीच्या घरात चीज विकत आणलं जायचं, आणि तेसुद्धा नदीपलीकडचं. गावात ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होती, पण त्याच्या तोंडावर कोणी काढत नसे, कारण तो गावच्या सहकारी चीजघराचा मुख्य कारागीर होता आणि तांब्याच्या कढया ढवळून ढवळून त्याचे दंड मांडीएवढे झाले होते.

इटलीतल्या पो नदीच्या या काठाला होणारं चीज आणि त्या काठाला होणारं चीज परक्या माणसाला सारखंच दिसतं. जात्याच्या तळीपेक्षा मोठं, जाडजूड चाक, तसाच गवती पिवळा रंग, तसंच कणीदार. परक्या माणसाने हे एर्मेतेसमोर बोलू नये एवढंच. "पलीकडचं? तो साबण आहे," एर्मेते म्हणायचा. "अंघोळीला बरा." आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी टोपी भुवयांपर्यंत ओढून, पूल ओलांडून, आपल्याला कोणी ओळखत नाही अशा दुकानातून तो एक किलो साबण घेऊन यायचा. दुकानदार त्याला नावाने हाक मारायचा.

हे सगळं बायकोपायी. निवेसला अंडं चालत नसे. चार वर्षांची असताना मावशीने केकचं भांडं चाटायला दिलं, तेव्हा ती निळी पडली होती. आणि एर्मेतेच्या चीजमध्ये अंडं होतं. कोंबडी मोठी हुशार. पिल्लाच्या राखणीला तिने अंड्याच्या पांढऱ्यात एक द्रव्य ठेवलेलं असतं, लायसोझाइम नावाचं. कवचातून जंतू आत शिरला की ते त्याचं अंग फाडून टाकतं. माणसाने ते काढलं, वाळवलं आणि पिल्लाऐवजी चीजच्या राखणीला बसवलं. या काठाच्या गाई मुरघास, म्हणजे दाबून आंबवलेला ओला चारा, खातात; मुरघासातून एक जंतू दुधात येतो, चीजमध्ये महिनोन्महिने झोपून राहतो आणि एक दिवस उठून वायू सोडायला लागतो. मग चाक फुगतं, आतून तडकतं, आणि त्याची चव अशी होते की डुकरंही एकमेकांकडे बघतात. म्हणून कढईमागे चिमूट-दोन चिमूट पांढरी भुकटी. पलीकडचे लोक मुरघास घालत नाहीत आणि भुकटीही वापरत नाहीत, आणि हे ते लोकांना विचारायच्या आतच सांगतात.

लग्नाच्या जेवणात एर्मेतेने स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं चाक फोडलं होतं. त्यात अंडं असतं हे निवेसला कोणी सांगितलं नाही, कारण कोणाच्या ते ध्यानातच नव्हतं. तिने तुकडा तोंडात टाकला. जीभ काही मत बनवणार, एवढ्यात जीभच सुजली. फोटोत नवरी दहा फेऱ्या खेळून आलेल्या मुष्टियोद्ध्यासारखी दिसते, आणि नवरा तिला ज्याने मारलं त्याच्यासारखा.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने विचारलं होतं, "कसं होतं पण?"

"काय?"

"चीज."

"लक्ष नव्हतं रे," निवेस म्हणाली होती. "मी त्या वेळी मरत होते."

त्याला अडतीस वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. नवऱ्याचे पांढरे डगले तिने अडतीस वर्षं धुतले, तेही हातमोजे घालून. त्याच्या चीजला जिल्ह्यात पाच वेळा पहिलं पारितोषिक मिळालं, पाचही वेळा ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवून आली. चव तेवढी तिला माहीत नव्हती.

नोव्हेंबरात क्रेमोनाच्या डॉक्टरने तिचे फोटो उजेडासमोर धरले आणि स्वादुपिंडाबद्दल बराच वेळ बोलला. त्यातलं एर्मेतेला एवढंच कळलं की उन्हाळा दिसेल, शरद बहुतेक नाही. ते गाडीने परतत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याचे खुंट होते. साखर कारखान्याच्या वळणावर निवेस म्हणाली, "मला तुझं चीज खायचंय."

"वेड लागलंय का? मरशील."

"एर्मेते," ती म्हणाली, "आपण आत्ता कुठून येतोय?"

तो पुढे एक मैलभर गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "बिनअंड्याचं करतो."

"जमेल?"

"जमवायचं. पण मुरायला नऊ महिने लागतात. त्याच्या आत आमचं चीज चीज नसतं."

"नऊ महिने," निवेस म्हणाली. "या वयात. लोक काय म्हणतील?"

बिनअंड्याचं करायचं म्हणजे भुकटीचा डबा उघडायचा नाही, इतकं ते सोपं नव्हतं. हे एर्मेतेच्या ध्यानात आलं तेव्हा तो आंघोळ करत होता, आणि तो तसाच टॉवेलवर बाहेर आला. दही लावायला जसं कालचंच दही लागतं, तसं चीजला विरजण म्हणून कालच्या चीजची निवळी, म्हणजे चीज काढून उरलेलं पाणी, लागते. आणि कालच्या निवळीत कालचं अंडं. कालच्याला परवाचं. अशी ती अंड्याची वंशावळ पार त्याच्या लग्नापर्यंत जात होती.

मग त्याने चीजघरातून एक लोटा निवळी घरी आणली आणि स्वयंपाकघरात, सुपाच्या पातेल्यात, रोज मुठीएवढं चीज करायला सुरुवात केली. त्या चीजची निवळी उद्याला, उद्याची परवाला; दर वेळी अंडं पातळ, पातळ, अजून पातळ. असे चाळीस दिवस. मुठीएवढी चीजं मांजराला. नाताळापर्यंत मांजर दारातून आडवं जाईनासं झालं.

"तू आणि मी मिळून खात नाही एवढं एकटी जिनसी खाते," निवेस खुर्चीतून म्हणाली. जिनसी म्हणजे मांजर. "ती मरायला लागली तर तिच्यासाठी काय करशील?"

चीजघराच्या अध्यक्षाने परवानगी दिली, पण अटी घातल्या. एकच कढई, दूध बाहेरचं, चाकावर शिक्का मारायचा नाही, गोदामात ठेवायचं नाही. बाहेरचं दूध तुलिओचं. तुलिओकडे चाळीस गाई होत्या आणि तो त्यांना नुसतं वाळलं गवत घालतो, मुरघासाला हात लावत नाही, असं तो स्वतः सांगे. एर्मेतेने त्याला मेरीमातेच्या तसबिरीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली.

नऊ जानेवारीला सकाळी कढईत दूध तापलं. विरजण पडलं. आता भुकटीची वेळ. एर्मेतेचा उजवा हात अडतीस वर्षांच्या सवयीने फळीकडे गेला, तो त्याने डाव्या हाताने धरून खाली आणला. बाकीचे कामगार बघत होते. तो स्वतःचाच हात धरून, दूध फाटेपर्यंत, देवळात उभं राहिल्यासारखा उभा राहिला.

एका कढईतून एक मोठा गोळा निघतो, तो फडक्यात उचलून सुरीने मधोमध कापतात, आणि त्याची दोन चाकं होतात. जुळीच म्हणतात त्यांना. मिठाच्या पाण्यातून निघाल्यावर ती जुळी हातगाडीवरून घरी आली. निवेसने त्यांना मागच्या खोलीत ठेवायला लावलं. ती खोली लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पिवळ्या रंगाने रंगवली होती आणि नंतर तिचा काही उपयोग करायची वेळ आली नाही. आता फळ्या ठोकल्या, खिडकीला ओलं गोणपाट लावलं. निवेसने बोट दाखवलं.

"हे थोरलं. हे धाकटं."

"एकाच वेळची आहेत."

"तू कापलंस तेव्हा हे आधी टोपलीत गेलं ना? मग थोरलं."

दर रविवारी एर्मेते ती पुसायचा आणि उलटी करायचा. निवेस दारात खुर्ची टाकून बसायची आणि चुका काढायची. सुरुवातीला एकेक चाक भरत होतं चाळीस किलो, निवेस अठ्ठेचाळीस. चाकं सुकत होती, तीही सुकत होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने तिघांची नावं लिहून वजनं मांडायला घेतली.

"आधी सदतिसाला कोण पोचतं बघू," ती म्हणाली.

एर्मेतेने ती भिंत पुसायचा कपडा हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि परत ठेवला.

मार्चात लोरिस आला. लोरिस गोदामागोदामांतून फिरून चाकं ठोकून ऐकायचा. हातात पितळी हातोडी, कान चाकाला. आत फट असेल, पोकळी असेल, तर त्याला आवाजावरून कळतं. त्याचा डावा कान सैन्यात असतानाच गेला होता, पण उजवा असा होता की शेजारच्या गावातलं चीज त्याच्यापुढे कुजबुजत नसे.

त्याने थोरलं ठोकलं, टक टक टक, कडेने, मध्ये, खालून. मग धाकटं. "दोन्ही शांत," तो म्हणाला. "जुळी कोणावर गेलीत? आईवर नाही, ती तर बडबडी."

"मला पण ठोक," निवेस म्हणाली.

"काय?"

"हातोडी आणलीयस ना? डॉक्टर यंत्रात घालतात, पंधरा दिवसांनी कागद देतात. तू लगेच सांगतोस."

लोरिसने एर्मेतेकडे बघितलं. एर्मेतेने खिडकीच्या गोणपाटाकडे बघितलं. शेवटी लोरिस तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, तिच्या मनगटाच्या हाडावर हातोडी अगदी हलकी टेकवली, आणि उजवा कान लावून बराच वेळ राहिला.

"हं?" निवेस म्हणाली.

"पहिल्या प्रतीचं," तो म्हणाला. ठोकणारा खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती होती. त्या दिवशी तो कॉफी न पिताच गेला.

मे महिन्यात निवेसचं पोट पाण्याने फुगायला लागलं. आणि एका रविवारी थोरलं उलटं करताना एर्मेतेच्या तळव्याला त्याची पाठ सपाट लागली नाही. त्याने तळवा पुन्हा फिरवला. मग लोरिसला फोन केला.

लोरिसने दोनदाच ठोकलं. दुसऱ्यांदा ठोकायची गरज नव्हती. दारात बसलेल्या निवेसलाही ऐकू आलं. रिकाम्या पिंपासारखा आवाज.

"तुलिओने शपथ घेतली होती," एर्मेते म्हणाला.

"गाईंनी घेतली नव्हती," लोरिस म्हणाला. त्याने धाकटं ठोकलं, खूप वेळ ऐकलं. "हे अजून शांत आहे. पण एकाच पोटचं आहे. सांगता येत नाही."

एर्मेते थोरल्याला हात लावून उभा होता. चार महिने झाले होते. नऊला पाच बाकी. निवेसला पाच नव्हते. पाच आठवडेही होते की नाही कोणास ठाऊक. तो म्हणाला, "धाकटं फोडू. आजच. कच्चं आहे, पण चांगलं आहे. थोडी तरी कल्पना येईल."

"त्याला हात लावायचा नाही," निवेस म्हणाली.

"निवेस—"

"त्याचे नऊ महिने भरू देत. एक तरी पूर्ण होऊ दे." ती पोटावर हात ठेवून थोरल्याकडे बघत होती. "हे फोड. आम्ही दोघं फुगलोय. घरात आधी आजाऱ्याकडे बघायचं असतं."

"ते खराब झालंय. मी जन्मात कधी असलं कोणाला खायला दिलं नाही."

"तू मला जन्मात काहीच खायला दिलं नाहीस. लग्नात दिलंस ते सोडून."

एर्मेतेने सुरी आणली. बदामाच्या आकाराचं छोटं पातं, त्याने चाक कापत नाहीत, उकलतात. टोक रुतलं तसा थोरल्याने एक लांब उसासा सोडला आणि खोलीत असा वास पसरला की जिनसी, जी चार महिने चाकांभोवती घुटमळत होती, ती उठून बाहेर गेली. आत बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. एर्मेतेने त्यातल्या त्यात बरा तुकडा शोधला. तो त्याने तिच्या तळव्यावर ठेवला.

निवेसने तुकडा तोंडात घेतला. चावला. हळूहळू, डोळे मिटून, पारितोषिकाचे परीक्षक चावतात तसा. जीभ सुजली नाही. ओठ सुजले नाहीत. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. तिने गिळलं.

"कसं आहे?" एर्मेतेने विचारलं. हा प्रश्न त्याने दुसऱ्यांदा विचारला होता. पहिल्यांदा विचारून अडतीस वर्षं झाली होती.

"नदीपलीकडचं बरं," निवेस म्हणाली.

लोरिसला हसू आवरेना. तो तोंडावर टोपी धरून बाहेर गेला आणि बाहेर गेल्यावर जो आवाज आला तो हसण्याचा नव्हता. एर्मेते जमिनीवर बसला. "हे माझं नाही," तो म्हणाला. "निवेस, हे माझं चीज नाही. माझं असं लागत नाही."

"मग कसं लागतं?"

त्याने तोंड उघडलं. अडतीस वर्षं त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. ज्याला जाणून घ्यायचं तो खाऊन बघायचा. "गोड," तो म्हणाला. "म्हणजे गोड नाही. मागून... सुक्या गवतासारखं. आणि मग..." तो थांबला. "सांगता येत नाही."

"बरं," निवेस म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "घाई नाही. धाकटं झालं की खा, नीट ध्यान देऊन खा, आणि मला येऊन सांग. मी कुठे असेन ते तुला माहीत आहे. आणि साबणाशी ताडून बघ. नुसतं चांगलं आहे म्हणून सांगू नकोस, मी आता ते ऐकणार नाही."

जूनच्या सुरुवातीला डॉक्टरने पोटातलं पाणी काढलं आणि परिचारिकेने वजन केलं. सदतीस. धाकटं त्या आठवड्यात साडेअडतीस होतं. "जिंकले," निवेस म्हणाली. ती सतरा जूनला दुपारी गेली, मक्याला पाणी सोडायच्या वेळेला. एर्मेतेने भिंतीवरचा तिचा रकाना तसाच ठेवला आणि धाकट्याचा दर रविवारी भरत राहिला, कारण कोणीतरी भरायला हवा होता. चाक उलटं करताना तो दाराकडे बघायचा. चुका काढायला कोणी नसल्यामुळे त्याच्या चुका व्हायला लागल्या; एकदा त्याने ते एकाच रविवारी दोनदा उलटं केलं, म्हणजे ते होतं तिथेच राहिलं.

दर महिन्याला लोरिस यायचा. टक टक टक. "शांत आहे."

नऊ ऑक्टोबरला सकाळी लोरिसने शेवटचं ठोकलं. मग हातोडी खिशात ठेवली. "असं चाक मी वर्षात दोनतीनदा ऐकतो," तो म्हणाला. "फोड."

धाकटं उकललं तेव्हा ते खडकासारखं उकललं, स्वच्छ, एकसंध, एकही छिद्र नाही. वास उठला. एर्मेतेने दोन तुकडे काढले. एक लोरिसला दिला, एक स्वतः खाल्ला. निवेसने सांगितलं होतं तसं, ध्यान देऊन.

लोरिस चावायचा थांबला. पुन्हा चावायला लागला. मग खिडकीबाहेर बघायला लागला.

"बोल," एर्मेते म्हणाला.

"मी काय बोलणार? मी ऐकणारा माणूस."

"लोरिस."

"चांगलं आहे," लोरिस म्हणाला. "फार चांगलं आहे. मी काही म्हणत नाही."

एर्मेते उठला. फ्रिजच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, जूनच्या पहिल्या शनिवारी आणलेला साबणाचा तुकडा होता. तिने त्यातला अंगठ्याएवढा खाल्ला होता. दातांच्या खुणा दिसत होत्या. त्याने त्याची दुसरी कड कापली. मग धाकट्याचा एक तुकडा. दोन बशा. "मी डोळे मिटतो," तो म्हणाला. "तू बशा फिरव."

लोरिसने बशा फिरवल्या. एर्मेतेने एक खाल्लं. पाणी प्यायला. दुसरं खाल्लं. पुन्हा पहिलं. त्याचा चेहरा हळूहळू असा होत गेला, जसा एखाद्याचा आपल्याच घराचं कुलूप आपल्या किल्लीने उघडेना झाल्यावर होतो.

"एक वयाने लहान आहे," तो शेवटी म्हणाला. "एवढंच."

"एवढंच," लोरिस म्हणाला.

मुरघास असलाच तर चुकून, भुकटी नाही, गवतावरचं दूध. एर्मेतेने चाळीस दिवस पातेल्यात खपून, स्वतःचा हात स्वतः धरून, नऊ महिने पुसून उलटं करून, जे केलं होतं ते पलीकडच्या काठाला रोज सकाळी होत होतं. ते तिच्या ताटात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून संपेपर्यंत असायचंच. थोरलं तडकलं नसतं, निवेस ऑक्टोबरपर्यंत टिकली असती, तरी तिला नवीन असं काही खायला मिळणार नव्हतं.

दुपारी तो दफनभूमीत गेला. खिशात कागदात गुंडाळलेला धाकट्याचा तुकडा होता. दगडावरच्या फोटोत निवेस हसत होती. लग्नाचा फोटो लावायला तिच्या बहिणीने परवानगी दिली नव्हती. त्याने टोपी काढली. वाटेत त्याने मनात सगळं जुळवलं होतं. गोड, पण गोड नाही, मागून सुकं गवत. तिला खरंखोटं कळलं नसतं. शेजारच्या दगडापाशी एक म्हातारी फुलदाणी घासत होती, ती जाईपर्यंत तो थांबला. ती गेली.

"निवेस," एर्मेते म्हणाला, "साबण निघाला."

मग त्याला वाटलं की एवढं पुरेसं नाही, कारण तिने नीट सांग म्हणून बजावलं होतं. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "तुला माहीत आहे ती चव. तीच. मी उगाच बोलायचो."

तुकडा दगडावर ठेवला तर उंदीर येतील, हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं. तो कठड्यावर बसला आणि कागद उलगडून त्याने तो सावकाश खाल्ला, सालीपर्यंत. मग सालही खाल्ली.